सत्तेचाळीस अवजारं

सगळा रस्ता त्याला कप्तान म्हणायचा. खरं म्हणजे नौदलात अठरा वर्षं काढूनही तो कप्तानाच्या खोलीत गेला होता दोनदाच. एकदा तिथला एसी बंद पडला म्हणून, आणि दुसऱ्यांदा तो इतका झकास दुरुस्त झाला की साहेबांना सर्दी झाली म्हणून. जहाजावर त्याचं काम होतं थंडीचं. शीतखोल्या, बर्फाची यंत्रं, हवा गार करणारी यंत्रं. हे सगळं जहाजाच्या पोटात असल्यामुळे अठरा वर्षांत त्याने समुद्र एकूण अठरा तास पाहिला असेल. तरी चालायचा मात्र असा, की फुटपाथ आत्ता डावीकडे कलेल आणि आपण तयारीत असलेलं बरं.

नौदलाने त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, सैल वस्तू म्हणजे शत्रू. जहाज हललं की सैल वस्तू माणसाच्या डोक्यात जाते, म्हणून जे दिसेल ते घट्ट आवळून टाकायचं. दुसरी, यंत्राजवळ जाताना अवजारं मोजायची आणि निघताना पुन्हा मोजायची. एक पाना आत राहिला तर अख्खं इंजिन खलास. कप्तानाच्या लोखंडी डब्यात सत्तेचाळीस अवजारं होती. झाकणाच्या आत त्यांची यादी चिकटवलेली होती आणि प्रत्येकाच्या जागी त्याची आकृती रंगवलेली होती. लग्नानंतर बायकोने एकदा डबीचं झाकण उघडायला त्यातला स्क्रूड्रायव्हर घेतला, तर या गृहस्थाने तिच्याकडून परतीची सही मागितली. तिने सही केली, पण त्यानंतर दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. ती सही त्याने जपून ठेवली होती.

नौदल सुटल्यावर तो मालकाकडे लागला. मालक म्हणजे त्या रस्त्यावरचं फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर, पंखे यांचं एकुलतं एक दुकान चालवणारा धिप्पाड माणूस. स्वतःही उमेदवारीच्या काळात कारागिरी केलेला. बोलणं तिखट, पण हात जाणता. सहा वर्षं दोघांचं उत्तम जमलं. मालकाने विकायचं, कप्तानाने जगवायचं. मालकाची बायको, जिला कप्तान वहिनी म्हणायचा, दुपारचा चहा वरच्या मजल्यावरून खाली पाठवताना कप्तानाच्या कपात साखर जास्त घालायची. स्वतःला गोड वर्ज्य, म्हणून दुसऱ्याला देण्यात तिचा हात सैल.

मग तो शनिवार आला.

दुकानात एक कोरा थर्मोस्टॅट सापडेना. संध्याकाळची वेळ, गिऱ्हाइकांची गर्दी, मालकाचं डोकं आधीच कशाने तरी तापलेलं. कप्तान घरी निघाला होता.

"डबा उघड," मालक म्हणाला.

"काय?"

"डबा. उघड म्हणतोय."

कप्तानाने डबा काउंटरवर ठेवून उघडला. मालकाने यादी वाचली नाही की आकृत्या पाहिल्या नाहीत. सरळ डबा उचलला आणि उलटा केला. सत्तेचाळीस अवजारं काचेवर खणखणली. एक पाना घरंगळत जाऊन एका बाईंच्या चपलेपाशी थांबला. बाई दोन पावलं मागे सरकल्या, जणू तो चावणार होता. थर्मोस्टॅट काही निघाला नाही.

"ठीक आहे. जा," मालक म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कप्तान वाकला, पाना उचलला, सगळी अवजारं एकेक करून आपापल्या आकृतीत बसवली. गिऱ्हाइकं बघत होती. सोमवारी तो थर्मोस्टॅट पंख्याच्या पात्यांच्या खोक्यात सापडला. मालकाने तो गुपचूप फळीवर ठेवला. ठेवताना कप्तानाने पाहिलं, आणि कप्तानाने पाहिलंय हे मालकानेही पाहिलं. 'चुकलं' हा तीन अक्षरांचा शब्द मालकाच्या तोंडातून काही बाहेर पडला नाही. कप्तानाने त्याच दुपारी काम सोडलं.

"आता काय करणार?" बायकोने विचारलं.

"त्याच्याकडून वदवून घेणार. त्याच रस्त्यावर, लोकांदेखत. 'या माणसाने चोरी केली नाही', एवढं एक वाक्य."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर त्याला पाण्यात बघेन."

अठरा वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाची ही धमकी पोकळ नव्हती. तीन महिन्यांत मालकाच्या दुकानाच्या बरोब्बर समोर, वीस पावलांवर, कप्तानाचं दुकान उभं राहिलं.

सुरुवात मात्र अशी झाली की मालकाने वर्षभर पोट धरून हसावं. कप्तानाने पहिलं वॉशिंग मशीन विकलं ते रस्त्यावरच्या शिंप्याला. नव्या मशीनमध्ये आतला ड्रम प्रवासात हलू नये म्हणून मागून चार लांब बोल्ट आवळलेले असतात. घरी नेल्यावर ते काढायचे असतात, हे पोरंसोरंही जाणतात. कप्तानही जाणत होता. पण बोल्ट काढून पाहिले तर आतला ड्रम लोंबकळतोय! सैल! त्याच्या अठरा वर्षांच्या नोकरीला हे सोसेना. त्याने चारही बोल्ट पुन्हा लावले, वर आणखी अर्धा फेरा आवळले आणि समाधानाने घरी गेला. शिंपिणीने कपडे टाकून बटण दाबलं. कपडे पिळायची वेळ आली तसं मशीन थरथरलं, गरजलं, न्हाणीघराचा उंबरा ओलांडून बाहेर आलं, बैठकीच्या खोलीतून पाहुण्यांदेखत गेलं आणि वायर संपली तिथे नाइलाजाने थांबलं. शिंपी नंतर सांगायचा, "वायर लांब असती तर परत दुकानात गेलं असतं बिचारं."

मालकाने दुसऱ्याच दिवशी पाटी लावली : 'आमची मशीनं नाचत नाहीत.'

कप्तानाने समोर पाटी लावली : 'आमचे कारागीर चोर नाहीत.'

"कारागीर म्हणजे तूच एकटा ना रे?" शिंप्याने विचारलं.

"सध्या."

त्या दिवसापासून कप्तानाने सुडाचं काम नोकरीसारखं सुरू केलं. मालक नऊला शटर उघडायचा, हा साडेआठला. मालकाकडून घेतलेलं मशीन बिघडलं तर कप्तान ते दुरुस्त करून द्यायचा आणि जाताना हळहळत म्हणायचा, "यंत्र चांगलं आहे हो. बसवणाऱ्याने घात केला." विकलेल्या प्रत्येक फ्रिजला त्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. दर खेपेला आतलं तपमान, तारीख आणि खाली सही. लोकांना ही गंमत फार आवडली. आपल्या फ्रिजची प्रकृती कोणी इतक्या आस्थेने विचारतंय म्हटल्यावर माणसं विरघळतात. हळूहळू गिऱ्हाईक रस्ता ओलांडू लागलं. प्रत्येक ओलांडणाऱ्याकडे कप्तान असा बघायचा, जसा गळ टाकून बसलेला माणूस दोरीकडे बघतो.

अशी अकरा वर्षं गेली. मालकाच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी बाजूला उभं गिऱ्हाईक दिसेनासं झालं, मग बिलावरची अक्षरं गेली, मग समोरचे चेहरे. एके दिवशी मालकाने शटर खाली ओढलं ते पुन्हा वर गेलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा मालक रोज सकाळी बंद दुकानासमोर खुर्ची टाकून बसायचा आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी कप्तानाच्या दुकानाकडे रोखून पाहायचा.

शिंप्याने कप्तानाचं अभिनंदन केलं. "जिंकलास की रे."

"कसला जिंकलो? जहाज बुडालं, पण शरण नाही आला. ते वाक्य घेऊनच बुडाला तो."

आणि मग वहिनींचा फोन आला.

"कप्तान, आमचा फ्रिज गार होत नाही. माझं इन्सुलिन आहे त्यात. कोणालाही बोलावलं तर म्हणतात, पंचवीस वर्षांचा फ्रिज, फेका, नवा घ्या. आणि हे नवा घेऊ देत नाहीत."

"का?"

"कारण नवा तुमच्याकडेच मिळतो."

कप्तानाने फोन ठेवला. बायकोच्या लक्षात आलं, कारण तो बूट पॉलिश करायला बसला होता.

"हे बघा, नीट काम करून या," ती म्हणाली. "भांडायला जाऊ नका."

"भांडणार नाही. नियमाने वागणार."

तो ज्या नियमाने वागला त्याला तोड नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात डबा, खिशात कार्बन घातलेल्या दोन याद्या. मालक जिन्याच्या तोंडाशी दारात उभा होता. शेजारची दोन माणसं तिथे गप्पा मारत होती, आणि कप्तानाला ती हवीच होती.

"मालक, आधी डबा तपासा."

"कशाला?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

"तुमचाच."

शेजारी गप्पा मारायचे थांबले. मालकाच्या जबड्याची हाडं हलली. मग तो जिन्याच्या पायरीवर बसला, डबा मांडीवर घेतला आणि एकेक अवजार बोटांनी चाचपू लागला. कप्तानाला वाटलं होतं, म्हातारा कळवळेल, एक वाक्य बोलून मोकळा होईल. पण मालक होता जुना कारागीर. अवजार हाती आलं तशी त्याची बोटं जागी झाली.

"चौदाचा पाना. सपाट पक्कड. हा बारा नंबर... जबडा झिजलाय याचा. बदल, नाहीतर कुणाचे तरी नट खाशील."

"तुम्ही मोजा फक्त," कप्तान चिडून म्हणाला.

"सत्तेचाळीस. आण कागद, सही कुठे करू?"

वर वहिनींनी शेजारच्या घरातून बर्फ मागून आणून औषधाच्या बाटल्या थर्मासमध्ये ठेवल्या होत्या. कप्तानाने फ्रिज पुढे ओढला. दोन मिनिटांत रोग कळला. कॉम्प्रेसरला धक्का देऊन चालू करणारा रिले जळत आला होता. मुठीत मावेल एवढी वस्तू, आणि कप्तानाच्या दुकानात तसले डझनभर. नवा बसवला की पाच वर्षं बघायला नको.

कप्तानाने नवा बसवला नाही. त्याने जुन्याचं झाकण उचकटलं, आतले काळे पडलेले बिंदू पॉलिशपेपरने घासले आणि परत लावला. फ्रिज घुरघुरू लागला. असलं काम तीन आठवडे टिकतं, फार तर चार. असलं काम त्याने अठरा वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरच्या सतरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं. पण एकदा सही करून माणूस मोडला नसेल, तर त्याला पुन्हा सही करायला लावायची, मोडेपर्यंत. खाली येऊन त्याने पुन्हा डबा उघडून समोर धरला. "निघतानाही मोजायचा असतो, मालक." मालकाने मोजला आणि सही केली. जास्तीचं एक अक्षर नाही.

पंचवीस दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा डबा, पुन्हा पॉलिशपेपर. या खेपेला शिंपीही बघायला आला, आणखी चारजण आले. मालक पायरीवर बसून अवजारं मोजतोय हे दृश्य रस्त्याला आवडायला लागलं होतं. कप्तान छाती काढून उभा होता. मालकाने सगळ्यांदेखत सत्तेचाळीस म्हटलं आणि वर जोडलं, "बारा नंबर अजून बदलला नाहीस."

तिसऱ्या खेपेला फोन वहिनींनी नाही, मालकाने केला. "ये," एवढंच.

कप्तान गेला. मोजणी झाली. वर गेला तर वहिनी पलंगावर पडून होत्या, चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"साखर वाढली हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन दिवस डोकं गरगरत होतं, परवा तर पडलेच. डॉक्टर म्हणाले, औषध खराब झालं असणार, रात्रीतून फ्रिज बंद पडत असेल. आम्हाला कळलंच नाही. सकाळी बघावं तर चालू. तुम्ही तरी काय करणार, जुनं यंत्र आहे."

कप्तान खाली उतरला, रस्ता ओलांडून दुकानात गेला, नवा रिले घेऊन परत आला. स्क्रू दोनदा निसटला. नवा रिले बसला, कॉम्प्रेसर एका दमात चालू झाला. त्याने तासभर बसून तपमान घेतलं, तीनदा. मग अवजारं गोळा केली आणि खाली आला. डबा पुढे करायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. मालकानेच हात पुढे केला.

"आण. निघतानाही मोजायचा असतो."

जिन्यापाशी सात-आठ माणसं होती. मालकाची बोटं डब्यात फिरली. चौदा, पक्कड, बारा, एकेक. मग ती एका कोपऱ्यात थांबली. तिथे थोडा वेळ चाळवली, काहीतरी उलटंपालटं केलं आणि जागच्या जागी ठेवून दिलं.

"सत्तेचाळीस," मालक म्हणाला. "बरोबर आहेत." आणि सही केली.

घरी कप्तानाने डबा उघडला. कोपऱ्यात जुना रिले होता. जहाजावर काढलेला भाग कधी जागेवर सोडायचा नसतो, तो भांडारात जमा करायचा असतो. अठरा वर्षांच्या सवयीने हाताने तो आपणहून डब्यात टाकला होता. मालकाच्या घरची वस्तू, मालकाला न विचारता, कप्तानाच्या डब्यात! सात-आठ माणसांदेखत!

"भंगार तर आहे ते," बायको म्हणाली.

"भंगार नाही, पुरावा आहे. बघ हे झाकण, दोनदा उचकटलेलं. बघ आतले ओरखडे. त्याच्या बोटांना कळलं असणार. पहिल्या दिवसापासून मी काय केलं ते सगळं त्याला कळलं असणार."

बायकोने रिले हातात घेऊन पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं. तिला सगळं आत्ता कळत होतं. "म्हणजे वहिनी पडल्या त्या..." ती म्हणाली आणि तिथेच थांबली. जेवायला वाढलं तेव्हा तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं ते जरा लांबूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक बंद शटरसमोर खुर्चीत बसला होता. कप्तानाने ती वीस पावलं ओलांडली. रिले मालकाच्या हातात दिला.

"तुमचा आहे. काल माझ्या डब्यातून गेला."

"माहीत आहे."

"पहिल्याच दिवशी बदलायला हवा होता. मुद्दाम नाही बदलला." हे तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की शिंप्याचं मशीन थांबलं.

"तेही माहीत आहे. घासलेलं बोटाला लागतं. इतकं भिकार काम तुझ्या हातून? मी तर आधी रिलेचीच कीव केली."

"मग काल बोलला का नाहीत? सगळे होते. चोर म्हणून दाखवायचं होतं!"

"अकरा वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर बोललो होतो," मालक म्हणाला. "काय झालं? समोर दुकान उभं राहिलं. आता पुन्हा बोललो असतो तर तू घरासमोर घर बांधलं असतंस. आणि खरं सांगू? बोललो असतो तर तू रात्री शांत झोपला असतास. फिट्टंफाट म्हणून. मला ते नको होतं."

कप्तानाला रात्रभर झोप लागली नव्हती.

"हिला तू जाऊन सांगायचं," मालक म्हणाला. "मी सांगणार नाही."

कप्तान वर गेला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "सूड यांच्यावर, आणि औषध माझं?"

"चुकलं, वहिनी."

"चुकलं म्हणायला तुमचं काय जातंय? दर शनिवारी यायचं. तपमान बघायचं, माझ्या औषधाच्या बाटल्या मोजायच्या, सही करायची. मी आहे तोपर्यंत. आणि चहा बिनसाखरेचा मिळेल. आता जा."

तो खाली आला तेव्हा मालक खुर्चीतून उठून उभा होता. एक हात शटरवर टेकलेला. शिंपी, त्याचं गिऱ्हाईक, बाजूचे दुकानदार सगळे बाहेर आले होते.

"ऐका सगळ्यांनी!" मालक ओरडला. धिप्पाड माणसाचा आवाज तेवढा अजून शाबूत होता. "अकरा वर्षांपूर्वी मी या माणसाचा डबा इथे उलटा केला होता. चूक माझी होती. याने माझ्याकडून आजवर काहीही चोरलेलं नाही."

रस्ता चिडीचूप.

"गिऱ्हाइकं सोडून," मालक म्हणाला आणि खुर्चीत बसला.

शिंपी इतका हसला की त्याला दाराची चौकट धरावी लागली.

कप्तान घरी गेला. बायको भांडी विसळत होती. तिने वळून पाहिलं. "बोलला?"

"बोलला."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग झालं तर. अकरा वर्षांचं ओझं उतरलं. आता तरी माणसासारखे वागा."

कप्तान बूट न काढता खुर्चीत बसला. मग त्याच्या कपाळावरची शीर हळूहळू वर आली.

"गिऱ्हाइकं चोरली म्हणाला," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर! आणि तो शिंपी हसला. मी चोरली गिऱ्हाइकं? ती आपल्या पायांनी चालत आली! एकेकाचं नाव-गाव लिहिलेलं आहे माझ्याकडे, तारखेसकट..."

बायकोने नळ पूर्ण सोडला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.